बोनस थांबला तरी पैसे मिळतातच

काहीजण म्हणतात की इंग्लंडात बोनसबंदी आली म्हणजे पाणी कंपन्यांचे साहेब आता वठणीवर येतील, पण मला नाही तसं वाटत. २०२५ च्या कायद्याने ऑफवॉटला, म्हणजे पाणी कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, बोनस रोखायचे अधिकार मिळाले आणि जूनमध्ये थेम्स वॉटर धरून सहा कंपन्यांचे बोनस अडले, चांगलंच झालं. पण मूळ पगाराला कुठे हात लावलाय? यॉर्कशायर वॉटरच्या सीईओ बाईंना त्या कंपनीची मालक असलेल्या होल्डिंग कंपनीकडून, केल्डा होल्डिंग्जकडून, वेगळे पैसे मिळत होते ते नंतर उघड झालं, म्हणजे दार लावलं तर खिडकी उघडीच. नदीत मैला सोडायचा आणि इकडे लोकांची बिलं वाढवायची हा सरळ अन्याय आहे. होल्डिंग कंपनीतून येणारा पैसाही त्याच नियमात आणा, नाहीतर बंदी कागदावरच राहील.