एकच गाडी असलेल्या घराला इलेक्ट्रिक कार झेपते का? खरं काय ते सांगा

रोजचावाटसरू

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, व्हिडिओ बघतोय आणि जितकं बघतोय तितका गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी इथे विचारतो.

घरात एकच गाडी आहे, पेट्रोलची, खूप जुनी झालीये आणि आता तिच्यावर मोठा खर्च करावासा वाटत नाही. ऑफिसला जाणं-येणं, मुलांना सोडणं-आणणं, बाजार सगळं धरून दिवसाला 50 किमीच्या आसपास होतं. अधूनमधून 300-400 किमीचा लांबचा प्रवास असतो. पार्किंग इमारतीखाली आहे, जागा माझी ठरलेली आहे पण तिथे प्लग नाही, मीटर रूम मात्र जवळच आहे.

इलेक्ट्रिक घ्यायची मनापासून इच्छा आहे. पण किंमत बघितली की हात आखडतो, कारण त्याच आकाराची पेट्रोल गाडी बरीच स्वस्त मिळते. शिवाय बॅटरी गेली तर काय, वाटेत चार्जिंग संपलं तर काय, हे घरच्यांचे प्रश्न आहेतच. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलीये किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, कंपनीची जाहिरात नको. आमच्यासारख्या साध्या माणसाला हे परवडतं का?

हिशेबी

दादा, परवडणं हे गाडीच्या किमतीपेक्षा तुम्ही ती किती चालवता आणि वीज कुठून भरता यावर जास्त आहे, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तुम्हाला लागू होणारच नाही. हिशेब स्वतः करा, सोपा आहे.

साधारण 15 किमीचं मायलेज देणारी पेट्रोल गाडी 100 किमीला साडेसहा लिटरच्या वर पिते. त्याच आकाराची इलेक्ट्रिक 100 किमीला 15 युनिटच्या आसपास घेते, पण चार्ज करताना थोडी वीज उष्णतेत जाते म्हणून मीटरवर 17-18 युनिट धरा. तुमचं वर्षाचं रनिंग 15000 किमी पकडलं तर एका बाजूला 1000 लिटर पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला साधारण 2600 युनिट. आता तुमच्याकडचा लिटरचा भाव आणि युनिटचा दर टाका आणि फरक काढा. ती तुमची वर्षाची इंधनातली बचत. दोन गाड्यांच्या ऑनरोड किमतीतल्या फरकाला या बचतीने भागा की किती वर्षांत पैसे वसूल ते कळतं, आणि कर्ज काढणार असाल तर त्या जास्तीच्या रकमेवरचं व्याजही धरा, ते लोक हमखास विसरतात.

एक अंदाज लक्षात ठेवा. एका युनिटचा दर जर लिटरच्या भावाच्या एक तृतीयांशाच्या वर गेला तर इंधनातली बचत जवळजवळ संपली. घरच्या मीटरवर सहसा तसं होत नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मात्र घरच्या दराच्या दुप्पट-तिप्पट पैसे जाऊ शकतात आणि तिथेच गणित बिघडतं.

मेंटेनन्समध्ये ऑइल, फिल्टर, क्लच, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट हे काही नाही. मोटरच गाडीचा वेग कमी करते म्हणून ब्रेक पॅडही खूप टिकतात. टायर मात्र लवकर झिजतात कारण गाडी वजनदार असते आणि पिकअप एकदम मिळतो. इन्शुरन्स काही मॉडेलला जास्त पडतो, कोटेशन आधी मागवा.

दिवसाला 10-12 किमीच होत असतील तर पैशासाठी म्हणून घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. तुमचं 50 आहे, तुम्हाला अर्थ आहे.

उभ्याउभ्या

वरचा हिशेब बरोबर आहे पण एक बाजू मला सांगायचीये कारण ती कुणी सांगत नाही. माझ्याकडे इलेक्ट्रिक आहे आणि घरी चार्जिंगची सोय नाही. गाडी म्हणून उत्तम आहे, आवाज नाही, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही, एसी लावून उभी राहिली तरी काही वाटत नाही. पण आठवड्यातून दोनेक वेळा चार्जर शोधत जायचं, तिथे आधीच कुणीतरी लावून निघून गेलेलं असतं, कधी मशीन बंद, कधी अ‍ॅपमध्ये पैसे अडकलेले, आणि सगळं नीट झालं तरी तिथे बसून राहायचं. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात तिथे माझी संध्याकाळ जाते. नोकरी, घर, मुलं सांभाळून हे सतत करणं थकवणारं आहे.

म्हणून रोजचावाटसरू, आधी प्लगचं पक्कं करा मग गाडी बघा. शोरूमवाला म्हणेल की होईल हो सोय, पण त्याला काय, त्याचं काम गाडी विकणं. इमारतीची लेखी परवानगी हातात पडेपर्यंत बुकिंगची रक्कमसुद्धा देऊ नका. ऑफिसात चार्जर असेल तर तोही चालतो, रात्रभर किंवा दिवसभर गाडी जिथे उभी असते तिथे वीज हवी, बस.

तारजोडणी

मी वायरिंगच्या कामात आहे, या विषयावर तळमळीने लिहितोय कारण लोक जे करतात ते बघून भीती वाटते.

पहिलं म्हणजे घाबरू नका, फार मोठी पॉवर लागत नाही. साध्या 15-16 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला 3 युनिटच्या आसपास जातात. रात्री आठ-नऊ तास लावली तर सव्वाशे किमीपर्यंत रेंज सहज भरते. तुमचं रोजचं 50 आहे म्हणजे तीन-चार तासांत काम झालं. 7 किलोवॅटचा वॉल चार्जर हवाच असं नाही, तो सिंगल फेजवर 32 अँपिअर ओढतो, त्याला मंजूर लोड वाढवावा लागू शकतो.

पण सॉकेट कसलाही चालत नाही. गिझर अर्धा तास चालतो आणि बंद होतो, गाडी सलग कित्येक तास तेवढाच करंट ओढत राहते, रोज. जुनी बारीक वायर, सैल स्क्रू, हलक्या दर्जाचा सॉकेट असला की तिथे गरम होऊन प्लास्टिक वितळतं. मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत स्वतंत्र लाईन ओढा, 16 अँपिअरला किमान 4 स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, अंतर जास्त असेल तर अजून जाड. अर्थिंग तपासून घ्या, बऱ्याच जुन्या इमारतींत ते नावापुरतं असतं आणि मग गाडी चार्जिंगच घेत नाही, लोक गाडीला दोष देतात. एमसीबीच्या (जास्त करंट गेला की बंद होणारा स्विच) जोडीला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच, आणि ती कुठल्या टाइपची लागेल ते चार्जरच्या पुस्तिकेत बघा, कारण गाडीकडून डीसी गळती झाली तर साधी जुनी आरसीसीबी आंधळी होऊ शकते.

एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. खिडकीतून वायर सोडून चार्ज करणारे मी बघितलेत, हात जोडून सांगतो असं करू नका.

तुमची मीटर रूम जवळ आहे हे फार चांगलं आहे. लाईन तुमच्याच मीटरवरून घेतली किंवा सबमीटर लावला की शेजाऱ्यांचा बिलाचा वाद राहत नाही. इमारतीच्या मीटिंगला अर्ज देताना लोडचा कागद सोबत जोडा, लोक विरोध करतात ते बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे.

रोजचावाटसरू

तारजोडणी, खूप आभार, हे कुणीच सांगितलं नव्हतं. उभ्याउभ्या, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण बरं झालं लिहिलंत. इमारतीच्या कमिटीकडे अर्ज टाकतो आधी. आता लांबच्या प्रवासाचं आणि बॅटरीचं कुणीतरी सांगा. कंपनी एका चार्जला 400 किमी लिहिते आणि लोक म्हणतात 280 मिळतात, एवढा फरक कसा काय?

घाटवाट

फरक वेगाचा आहे. चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, त्यात कमी वेगाचा भाग बराच असतो. हायवेवर तुम्ही 80 ऐवजी 110 ने गेलात तर हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो ना. पेट्रोल गाडीतही हेच होतं पण तिथे इंजिन मुळातच तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेत घालवत असतं म्हणून आपल्याला जाणवत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे 40 युनिटची बॅटरी म्हणजे साडेचार लिटरची टाकी! त्यात गाडी अडीचशे किमी जाते हेच मला थक्क करणारं वाटतं, पण टाकी लहान असल्यामुळे उधळपट्टी लगेच दिसते. उलट शहरातल्या ट्रॅफिकमध्ये रेंज जास्त मिळते, पेट्रोलच्या बरोब्बर उलटं.

चढावर टक्के भराभर उतरतात, बघून नवीन माणसाच्या पोटात गोळा येतो. उतारावर त्यातले बरेचसे परत येतात, सगळे नाही. कडाक्याच्या थंडीत हीटर आणि थंड बॅटरी दोन्हींमुळे रेंज पाचव्या हिश्श्याने, कधी त्याहून जास्त कमी होते. एसीचा फटका त्या मानाने किरकोळ.

लांबच्या प्रवासाला मी 10 ते 80 टक्के एवढाच पट्टा वापरतो. 80 च्या पुढे फास्ट चार्जर मुद्दाम सावकाश होतो, शेवटच्या 20 टक्क्यांना पहिल्या 60 टक्क्यांइतका वेळ जाऊ शकतो. म्हणून 100 होईपर्यंत बसून राहण्यात अर्थ नाही, आणि मागे कुणी उभं असेल तर तेही बरं दिसत नाही. चार्जर किती किलोवॅटचा आहे त्याइतकंच गाडी किती घेते हे महत्त्वाचं, 50 घेणारी गाडी 150 च्या मशीनला लावली तरी 50 च घेणार. थांबायचं ठिकाण ठरवताना एकाच मशीनच्या भरवशावर जाऊ नका, पुढचं एक हाताशी असेल एवढं चार्जिंग शिल्लक ठेवूनच पोचा.

तुमचा 300-400 चा प्रवास म्हणजे एक थांबा, फार तर दोन. जेवायला थांबता तेव्हाच होतं ते.

पेट्रोलप्रेमी७७

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. एकच गाडी असलेल्या घरात रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं आणि गाडीत 15 टक्के असले तर? मी हायब्रिड घ्या म्हणेन, म्हणजे पेट्रोल इंजिनला मोटरची जोड असलेली. ट्रॅफिकमध्ये चांगलं मायलेज, प्लगची कटकट नाही, रस्त्यात कुठेही पेट्रोल मिळतं. नॉर्वेचं उदाहरण देतात सगळे, तिथे 2024 मध्ये विकलेल्या दहा नवीन गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या हे खरं आहे, पण तिथल्या सरकारने कित्येक वर्षं त्या गाड्यांवरचे मोठे कर माफ केले होते आणि पेट्रोल गाड्यांवर भरपूर कर लावला होता. ती परिस्थिती सगळीकडे नाही.

हिशेबी

नॉर्वेचं तुमचं म्हणणं मान्य, कर हा फार मोठा भाग आहे. आणि घरी प्लग नसेल तर हायब्रिड हाच सल्ला मीही देतो. पण दवाखान्याचं पटलं नाही. घरी प्लग असला की रात्री गाडी 15 टक्क्यांवर राहतच नाही, आल्यावर लावायची सवय लागते फोनसारखी. आणि रोज 50 किमी चालणाऱ्या गाडीत रात्री दीडशे किमीची तरी रेंज असतेच, पेट्रोलची टाकी रिझर्व्हला आलेली किती वेळा असते ते आठवून बघा.

सेलवाली

बॅटरीचं मी सांगते, माझं कामच सेल टेस्टिंगचं आहे.

बॅटरी एका दिवसात 'जात' नाही, हळूहळू क्षमता कमी होते. सुरुवातीला थोडी पटकन उतरते आणि मग कित्येक वर्षं सावकाश. बहुतेक कंपन्या 8 वर्षं किंवा 160000 किमी वॉरंटी देतात, त्यात क्षमता 70 टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल. अटी मात्र मूळ कागदावर वाचा, दुसऱ्या मालकाला लागू आहे का हेही.

दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेट, वजनाला जड पण दीर्घायुषी आणि उष्णतेत जास्त सुरक्षित, कोबाल्ट-निकेल लागत नाही म्हणून स्वस्त. दुसरा एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट, त्याच वजनात जास्त ऊर्जा. एलएफपीच्या 1500 पूर्ण फेऱ्या (एक फेरी म्हणजे एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं) जरी धरल्या, म्हणजे मी कमीच धरतेय, तरी फेरीला 250 किमीप्रमाणे पावणेचार लाख किमी होतात. रोजच्या वापराच्या माणसाला एलएफपी बघा असंच मी सुचवेन. एनएमसी असेल तर रोज 80 पर्यंतच भरा, 100 फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. एलएफपीला मात्र अधूनमधून 100 करावंच लागतं, कारण तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो आणि पूर्ण भरल्याशिवाय गाडीला नेमके किती टक्के उरलेत ते नीट कळत नाही.

बॅटरीला सगळ्यात जास्त त्रास उष्णतेचा. लिक्विड कूलिंग आहे का हे विचाराच. 2010 मध्ये आलेल्या पहिल्या निसान लीफमध्ये ते नव्हतं आणि उष्ण भागात त्या गाड्यांची क्षमता लवकर उतरली, त्यावरून पुढे उद्योग बरंच शिकला. पॅकची किंमतही तेव्हापासून 90 टक्क्यांच्या आसपास घसरलीये.

रोजचावाटसरू

ताई, फार छान समजावलंत. मग बजेट कमी आहे तर जुनी इलेक्ट्रिक घ्यावी का? दोन-तीन वर्षं वापरलेल्या बऱ्याच स्वस्तात दिसतायत, नव्याच्या जवळपास निम्म्या किमतीत.

सेलवाली

घ्या की, तुमच्या वापराला तेच सगळ्यात शहाणपणाचं ठरू शकतं, पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो. फक्त डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो आधीच्या माणसाच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून एसओएच म्हणजे बॅटरी हेल्थचा रिपोर्ट मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या, दुसरी बघा. गाडी एकदा फास्ट चार्जरला आणि एकदा साध्या चार्जरला लावून बघा, दोन्ही वेगवेगळ्या वाटेने बॅटरीत जातात, एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही. खालून पॅकला ठोकर लागलीये का ते लिफ्टवर चढवून बघायला सांगा. आणि छोटी 12 व्होल्टची बॅटरी किती जुनी आहे तेही विचारा, कारण ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही.

तारजोडणी

आणि जुन्या गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर प्लगपाशी काळा पडलाय का, पिना सैल झाल्यात का ते बघा. तसा असेल तर तो वापरू नका, नवीन घ्या आणि ते पैसे किमतीतून कमी करून मागा.