अर्धस्वयंचलित पिस्तूल वारंवार अडकते: दोष मॅगझिनचा की स्प्रिंगचा?

प्रश्न
नेमबाजीच्या सरावासाठी मी ९ मिमीचे पिस्तूल वापरतो. त्यात सध्या दोन अडचणी येत आहेत. मॅगझिनमधली शेवटची दोन-तीन काडतुसे चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, नीट चढत नाहीत. शिवाय मधूनच रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडच्या (मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) खिडकीत उभी अडकते. साफसफाई आणि तेलपाणी नियमित आहे. स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग अधिक कडक बसवावी, की चेंबरपुढचा उतार घासून गुळगुळीत करून घ्यावा?

प्रतिसाद १
तूर्त दोन्ही नको. शेवटचीच काडतुसे अडत असतील, तर पहिला संशय मॅगझिनच्या स्प्रिंगवर घ्यावा. मॅगझिन भरलेले असताना ती पूर्ण दाबलेली असते. काडतुसे कमी होत जातात तशी ती सैलावते आणि तिचा जोर घटतो, त्यामुळे थकलेली स्प्रिंग शेवटचे काडतूस वर आणेपर्यंत स्लाइड पुढे येऊन पोहोचलेली असते आणि गोळीचे टोक खाली झुकून उतारावर आदळते. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक लिहा आणि कोणत्या क्रमांकावर, कितव्या काडतुसाला अडले, याची नोंद ठेवा. दोष एकाच मॅगझिनमागे फिरत असेल, तर पिस्तुलाला हात लावण्याची गरजच नाही. त्या मॅगझिनचे वरचे ओठ वाकले आहेत का, तेही चांगल्या मॅगझिनशेजारी धरून पाहावे.

प्रतिसाद २
उभ्या अडकणाऱ्या पुंगळीसाठी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चेंबरमधून पुंगळी ओढून काढणारा आकडा, तपासावा. त्याच्या नखाखाली काजळी आणि पितळेचा बारीक कीस साचतो; वरवरच्या साफसफाईत तो निघत नाही. पुंगळ्या कुठे पडतात हेही पाहा. त्या पायाशीच पडत असतील, तर काडतुसाची ताकद कमी आहे किंवा रिकॉइल स्प्रिंग आधीच प्रमाणाबाहेर कडक आहे, आणि अशा वेळी आणखी कडक स्प्रिंग बसवल्यास दोष वाढेलच. मनगट सैल राहिल्यानेही स्लाइडला पूर्ण मागे जाण्याइतका आधार मिळत नाही, म्हणून तेच पिस्तूल आणि तीच काडतुसे दुसऱ्या अनुभवी नेमबाजाला चालवू द्यावीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बदल एकदम केले, तर नेमका कशाने गुण आला ते कळणार नाही.

प्रतिसाद ३
उतार घासण्याविषयी माझा स्पष्ट विरोध आहे. ९ मिमीच्या काडतुसात दाब २,४०० बारच्या आसपास जाऊ शकतो. घासताना धातू निघून पुंगळीच्या बुडाचा आधार कमी झाला, तर ती तिथेच फुटू शकते. हे काम शस्त्रदुरुस्तीच्या जाणकारावरच सोपवावे.

आणखी एक. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे झाल्याची खात्री करावी आणि पिस्तूल उघडून नळीत गोळी अडकलेली नाही ना, हे प्रत्यक्ष पाहावे.