मदत हवी आहे: सासऱ्यांचं आडनाव स्मिथ, डीएनए म्हणतो रायली

केळफूल

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, हा पहिलाच धागा. विषय आडवळणाचा आहे, पण इथे कुलवृत्तांतात डोकं घालून बसणारे बरेच जण आहेत आणि एक-दोघं आयर्लंडातलेही आहेत, म्हणून विचारायचं धाडस करतेय.

मी डब्लिनला राहते. नवरा आयरिश, सासर काउंटी कॅव्हनमधलं. सासऱ्यांचं वय ७८, आडनाव स्मिथ. आयर्लंडात स्मिथ म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे मूळचे इंग्लंडचे का?" आणि सासरे दरवेळी न कंटाळता सांगतात, की आम्ही मूळचे 'मॅक गावन'. गावा म्हणजे लोहार, मॅक म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलात नावाचं सरळ भाषांतर झालं. यात तथ्य आहे. कॅव्हनमधल्या मॅक गावनांचे स्मिथ झाले हे आडनावांचे अभ्यासक एडवर्ड मॅकलायसॅट यांनीही लिहून ठेवलंय. घराच्या फाटकावर आयरिश अक्षरांत तेच नाव आहे. नणंद तर सगळीकडे 'निक गावन' लावते (मुलीच्या नावात मॅकचं निक होतं).

गेल्या नाताळात नवऱ्याने आणि मी त्यांना फॅमिलीट्रीडीएनए कंपनीची वाय-३७ चाचणी (वाय गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक खुणा, म्हणजे मार्कर, तपासणारी) भेट दिली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जातं, तेव्हा बाकीचे मॅक गावन सापडतील आणि म्हातारा खूश होईल, एवढाच विचार होता. गालाच्या आतून काडी फिरवली, पाकीट पाठवलं, विसरून गेलो.

आता निकाल आलाय. वाय गुणसूत्राचा वंशगट आर-एम२६९. ३७ मार्करवर चौदा मॅच, म्हणजे चाचणी केलेल्यांपैकी जुळणारे लोक. त्यातले नऊ रायली किंवा ओ'रायली, दोन ब्रेडी, बाकी किरकोळ. स्मिथ शून्य. मॅकगावन शून्य. फरक, म्हणजे ते ज्याला जेनेटिक डिस्टन्स म्हणतात तो, बहुतेकांशी ३ किंवा ४. एका रायलीशी फक्त २. बारा मार्करच्या यादीत एक स्मिथ दिसला, पण त्याचे पूर्वज यॉर्कशरचे.

कागदोपत्री आम्ही इथवर पोचलोय: सासरे, त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा. पणजोबा १९०१ आणि १९११ या दोन्ही जनगणनांमध्ये आहेत, त्याच टाउनलँडमध्ये (म्हणजे वाडीएवढा जमिनीचा भाग). गंमत म्हणजे १९०१ मध्ये वय ६२ आणि १९११ मध्ये ७६! त्याआधी ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात (कॅव्हनचं १८५६-५७ चं) तिथेच एक स्मिथ आहे, तो बहुधा खापरपणजोबा. पुढे अंधार.

प्रश्न असे. आम्ही खरे रायली आहोत का? कुणा आजीने काही... म्हणजे समजून घ्या. महागडी, जास्त सखोल अशी बिग वाय चाचणी करावी का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, खातं माझ्या ईमेलवर असल्यामुळे निकाल फक्त मी आणि नवऱ्याने पाहिलाय. सासरे दर रविवारी फोनवर विचारतात, "आला का गं निकाल?" काय सांगू?

बोरूबहाद्दर

घरजावई! लोहाराला मुलगा नव्हता, भट्टी आणि जमीन जावयाला, जावई रायली, गावाने त्याला स्मिथच म्हटलं. केस बंद. माझी फी एक आयरिश कॉफी.

सुपारी

माझ्या डब्लिनच्या सहकाऱ्याला अशाच चाचणीत 'तुम्ही राजा नियालचे वंशज' असं कळलं होतं. पठ्ठ्याने आठवडाभर ऑफिसात कॉफीचा कप स्वतः धुतला नाही. तुमच्याकडे काही राजाबिजा निघाला का?

वंशवेल

केळफूल, आधी एक दीर्घ श्वास घ्या. निष्कर्षावर फार लवकर उडी मारताय. बोरूबहाद्दर तर पलीकडे पोचलेसुद्धा.

आर-एम२६९ वरून काहीही कळत नाही. आयर्लंडातल्या बहुसंख्य पुरुषांचा गट तोच आहे. कोकणी माणसाने 'मी भात खातो' म्हणावं, तेवढीच त्यात माहिती.

आता आकडे. ३७ मार्करवर ३-४ चा फरक म्हणजे समान पूर्वज चारशे वर्षांपूर्वीचा असू शकतो, हजार वर्षांपूर्वीचाही. हे मार्कर पुढे-मागे सरकत राहतात, कधी दोन वेगळ्या शाखा योगायोगाने सारख्या दिसायला लागतात. आयरिश आडनावं युरोपातल्या सगळ्यात जुन्या वंशपरंपरागत आडनावांपैकी आहेत, दहाव्या-अकराव्या शतकात रुजू लागलेली. आयरिश राजा ब्रायन बोरू १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला, ओ'ब्रायन ते त्याच्या नावावरून. म्हणजे तुमचे स्मिथ आणि ते रायली यांचा समान बाप आडनावांच्या आधीचा असेल, तर कुणी कुणाचं नाव बदललेलंच नाही. एकाच खोडाच्या दोन फांद्या, नावं नंतर पडली. कॅव्हन म्हणजे ब्रेफने या जुन्या राज्याचा पूर्व भाग, रायलींचं राज्य. तिथल्या जुन्या घराण्याचं वाय रायलींशी जुळलं तर नवल नाही, न जुळतं तर मी चक्रावलो असतो.

तो २ फरकवाला रायली मात्र लक्षात ठेवा. त्याने ६७ किंवा १११ मार्करची चाचणी किंवा बिग वाय केली आहे का, हे त्याच्या नावापुढे दिसतं. केली असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

स्मिथ शून्य याचं मला तुमच्याइतकं आश्चर्य वाटत नाही. लोहार प्रत्येक गावात होता. सोनार किंवा जोशी आडनावाचे सगळे एका बापाचे असतात का? १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी आयर्लंडातली आडनावं मोजली, त्यात मर्फी, केली, सलिव्हन, वॉल्श यांच्या पाठोपाठ स्मिथ पाचवं. एवढ्या गर्दीत मॅक गावनही आले, खरोखर इंग्लंडहून आलेलेही आले. आणि या यादीत दिसायला समोरच्याने चाचणी केलेली असावी लागते. ते करणारे बहुतेक अमेरिकेतले, त्यामुळे जी घराणी एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात अमेरिकेच्या बोटीत बसली ती यादीत भरून वाहतात, जी घरीच राहिली ती दिसत नाहीत.

सुपारी, नियालचं थोडक्यात. २००६ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अभ्यासात वायव्य आयर्लंडात दर पाचातल्या एका पुरुषात एकच वाय-ठसा सापडला आणि त्याचा धागा पाचव्या शतकातल्या नियालशी जोडला गेला. तो ठसा म्हणजे एम२२२. नंतरच्या कालगणनेत एम२२२ नियालच्या बराच आधीचा निघाला. तेव्हा तुमच्या सहकाऱ्याला कप धुवायला सांगा.

केळफूल

वंशवेल, खूप खूप धन्यवाद. 'खोड आधी, नावं नंतर' हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग हे नक्की कोणतं, आधीचं की नंतरचं, ते ठरवायचं कसं?

बोरूबहाद्दर, घरजावयाची शक्यता नवरा गंभीरपणे घेतोय. कॉफी उधार.

वंशवेल

दोन वाटा आहेत. महाग वाट बिग वाय-७००. ती मार्कर मोजत बसत नाही, वाय गुणसूत्रावरचे कायमचे बदल वाचते. सरासरी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत असा एखादा नवा बदल पडतो, त्यामुळे फांदी कुठे फुटली याचा अंदाज शतकांत मिळतो. पण समोरच्या रायलीनेही ती केलेली हवी, नाहीतर टाळी एका हाताने.

स्वस्त वाट आधी. सासऱ्यांच्या पणजोबांचे दुसरे वंशज शोधा. बाई असली तरी चालेल, कारण इथे वाय नको, अँसेस्ट्री कंपनीची असते तशी साधी, सगळ्या गुणसूत्रांची चाचणी पुरते. ज्यांचे पणजोबा-पणजी एक, अशा दोघांत सरासरी २२९ सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक) डीएनए सामाईक असतो. पट्टा मोठा आहे, चाळीसच्या आसपासपासून पाचशेच्या वर. तुमचा आकडा दोनशेच्या पुढे आला, तर वडील आणि आजोबा या दोन पिढ्यांत गडबड नसावी. शंभरच्या घरात आला तर विचार करायचा, कारण पणजी तीच आणि पणजोबा वेगळे असतील तर डीएनए निम्मा होतो. एका आकड्यावर शपथ घेऊ नका. दोन-तीन भावंडं मिळाली तर चित्र स्पष्ट होतं.

पिढीमागे साधारण एक टक्का वेळा कागदावरचा बाप आणि रक्ताचा बाप वेगळा, असं युरोपातल्या अभ्यासांत दिसतं. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तीस पिढ्या गुणून पाहा, चारातली एक साखळी कुठेतरी तुटलेली असते. त्यात दत्तक आले, विधवेचा पुनर्विवाह आला, आजीच्या माहेरी वाढलेलं पोर आलं. दरवेळी कुण्या आजीकडे बोट दाखवायची गरज नाही.

कॉर्ककर

उशिरा आलो. डीएनएचं वंशवेल बघतीलच, मी कागदांचं सांगतो.

पणजोबा दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारे झाले ना? अख्ख्या आयर्लंडात त्या काळात माणसं अशीच झपाट्याने म्हातारी झाली. कारण जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झालं. जन्मदाखले १८६४ च्या आधी नाहीत, मग वय सिद्ध कसं करणार? तर अर्जदार १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेतली आपली नोंद शोधून मागायचा. कारकून मूळ वहीतून आईबापांची नावं, टाउनलँड, पोराचं वय उतरवून द्यायचा. पुढे ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक अभिलेखागार जळालं आणि त्या वह्या गेल्या. हे पेन्शनचे शोध-अर्ज मात्र राहिले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तुमच्या पणजोबांनी पेन्शनसाठी वय वाढवलं असेल, तर त्यांचा अर्ज असण्याची चांगली शक्यता आहे. वडिलांचं नाव एका झटक्यात मिळेल.

दुसरं, तुम्ही नशीबवान आहात की कॅव्हन निघालं. १८२१ ची जनगणना बहुतेक सगळी जळाली, पण कॅव्हनच्या काही पॅरिशांची (पॅरिश म्हणजे अनेक टाउनलँड मिळून होणारा विभाग) वाचली: क्रॉसरलॉक, डेन, लर्गन, मुला, लारा वगैरे. तुमची पॅरिश त्यात असेल तर घरोघरची नावं, वयं, धंदे सगळं आहे. तिथे स्मिथांच्या शेजारी कोण राहतंय आणि स्मिथ खरंच लोहारकाम करतात का, ते बघा.

आणखी एक शक्यता. एका भागात एकाच आडनावाची खंडीभर घरं झाली की आयरिश लोक शाखांना टोपणनावं लावतात. टिपेररीत रायनांचं ठरलेलंच. रायलींच्या राज्यात लोहार रायलीला लोक काय म्हणत असतील? आणि तेच टोपणनाव पुढे इंग्रजी वहीत चढलं असेल? पुरावा नाही, पण माझा पैसा यावर.

आपल्याकडे किती बरं आहे. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा इथे सगळे नावाचा उच्चार शिकत होते, आणि आमच्या आईने कोल्हापुरातून फोनवर सांगितलं, "मालवणातलं वराड रे ते." आयरिश आडनाव गाव सांगत नाही, कुणाचा तरी मुलगा (मॅक) किंवा नातू (ओ') एवढंच सांगतं.

सुपारी

सासऱ्यांना सांगण्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझं मत: सांगा. चाचणी त्यांच्या थुंकीची, निकाल त्यांचा. तुम्ही दोघांनी लपवून ठेवला तर तो तुमचा निर्णय होतो, आणि तो तुमचा नाही.

बोरूबहाद्दर

सुपारीशी पहिल्यांदाच सहमत. फक्त 'आजी' हा शब्द काढू नका. 'खोड' म्हणा.

केळफूल (तीन आठवड्यांनी)

अपडेट.

सासऱ्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ न्यूयॉर्कला गेले होते. त्यांची नात, वय ७४, तिची अँसेस्ट्री चाचणी आधीच झालेली निघाली. सासऱ्यांचीही करून घेतली (या वेळी खातं त्यांच्याच ईमेलवर). आकडा आला २३१. वंशवेल, म्हणजे बिघाड असलाच तर पणजोबांच्या आधीचा, बरोबर ना?

कॉर्ककर, तुम्हाला दंडवत. पेन्शनचा अर्ज सापडला! १८५१ च्या नोंदीवरून पणजोबांच्या वडिलांचं नाव मिळालं आणि ग्रिफिथमधलं तेच नाव आहे. आईचं माहेरचं नाव त्यात नाही. आमची पॅरिश १८२१ च्या वाचलेल्या यादीत आहे. त्या टाउनलँडमध्ये स्मिथांची दोन घरं, रायलींची सात. दोन्ही स्मिथांच्या धंद्याच्या रकान्यात 'शेतकरी'. लोहार एकच आहे आणि तो ब्रेडी आहे! नवरा दोन दिवस हसतोय.

सासऱ्यांना मागच्या रविवारी तिकडे जाऊन सांगितलं. मी 'खोड' म्हटलं, छापील पानं दाखवली. त्यांनी चष्मा लावून चौदाच्या चौदा नावं वाचली. मग म्हणाले, "त्या रायलीने १९७१ साली माझ्याकडून कापणीचं यंत्र नेलं ते परत केलं नाही. नातेवाईक आहे म्हणूनच असणार." सासूबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं, मग फाटकावरचं नाव काढायचं का? त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुपारी बाहेर पाहिलं तर फाटकाला नवा रंग देत होते. अक्षरं तीच.

२ फरकवाला रायली न्यू जर्सीतला निघाला. त्याने बिग वाय केलेली आहे आणि पत्राला लगेच उत्तरही दिलं. आम्ही सासऱ्यांचा नमुना बिग वायसाठी वाढवून घेतलाय, पैसे सासऱ्यांनी स्वतः भरले. निकालाला दोन-अडीच महिने लागतील म्हणतात. तोवर पणजोबांच्या एखाद्या भावाचा वंश ऑस्ट्रेलियात किंवा कुठेही सापडतो का ते शोधतेय. कुणाला ऑस्ट्रेलियातल्या बोटींच्या प्रवासी-याद्या कशा बघायच्या माहीत असेल तर सांगा.

वंशवेल

२३१ ला बरोबर. बहुधा आधीचाच, पण आणखी एक भावंड मिळालं तर सोडू नका. बोटींच्या याद्यांसाठी वेगळा धागा काढा, तिथे सिडनीची मंडळी येतील. आणि त्या ब्रेडी लोहाराचं घर नकाशावर तुमच्या स्मिथांपासून किती लांब आहे ते बघून ठेवा. चौदात दोन ब्रेडी होते ना?