मरीन बायोलॉजी करून नेमकं काम काय असतं? (अयाना जॉन्सनबद्दल)

खाडीकाठची: भाची बारावी सायन्सला आहे. अयाना एलिझाबेथ जॉन्सन या अमेरिकन मरीन बायोलॉजिस्टचं (समुद्री जीवशास्त्रज्ञ) भाषण कुठेतरी ऐकलंय आणि आता नीटच्या क्लासचं नाव काढलं की तोंड फिरवते, मरीन बायोलॉजीच करायचं म्हणते. मी थोडं वाचलं तर या बाई कधी मोर्चा काढतायत, कधी निवडणुकीतल्या उमेदवाराला पॉलिसी लिहायला मदत करतायत, मग यात बायोलॉजी कुठे आली? आमची ताई म्हणते हे एनजीओवाल्यांचं काम, त्यासाठी पीएचडी कशाला. कोणाला माहिती असेल तर सांगा ना.

बांगडा_फ्राय: बायोलॉजी आहे की, चांगली घसघशीत आहे. आधी हार्वर्ड, मग स्क्रिप्समधून (कॅलिफोर्नियातली समुद्रविज्ञान संस्था) २०११ ला पीएचडी. काम केलं कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर. तिथे मच्छीमार प्रवाळांच्या खडकांवर जाळीचे सापळे टाकतात, मासा एकदा आत शिरला की संपलं, त्यामुळे बाजारात ज्यांना कुत्रं विचारत नाही असे चपटे रंगीत मासे आणि बारकी पिल्लंसुद्धा त्यात फुकट मरतात. बाईंनी काय केलं तर सापळ्याला इंचभर रुंदीची उभी फट ठेवली, बस्स. चपटे आणि बारके त्यातून सटकतात, विकायचा जाड मासा आतच राहतो. नको असलेली मासळी जवळपास ८० टक्क्यांनी घटली आणि पकडीच्या किमतीत म्हणावा असा फरक पडला नाही. मला तर हे दुसरं जास्त भारी वाटतं, कारण धंदा बुडणार असेल तर कुठला मच्छीमार तुमची फट लावून घेईल?

दर्यावर्दी७: हे सगळं मान्य. पण २०१७ च्या मार्च फॉर सायन्सच्या (विज्ञानाच्या बाजूने निघालेला मोर्चा) आयोजकांत या होत्या, २०१९ ला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या एलिझाबेथ वॉरनच्या ब्लू न्यू डीलमध्येही (समुद्राविषयीचा धोरण-आराखडा) हात. शास्त्रज्ञावर एकदा पक्षाचा शिक्का बसला की त्याच्या डेटाकडेही लोक संशयाने बघणार. मला हे खटकतं बुवा.

बांगडा_फ्राय: @दर्यावर्दी७ कॅरिबियनमधल्याच बार्बुडा बेटाचं उदाहरण बघा. २०१४ मध्ये तिथल्या कौन्सिलने किनाऱ्यालगतचा एक तृतीयांश समुद्र राखीव केला आणि पॅरटफिश पकडायला बंदी घातली, कारण तो मासा खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, तो गेला की शेवाळ माजतं आणि नव्या प्रवाळाला चिकटायला जागा उरत नाही. हा प्रोजेक्ट वेट इन्स्टिट्यूट या समुद्र-संवर्धन संस्थेचा, संस्थेच्या प्रमुख तेव्हा याच बाई. आणि २०१७ ला इर्मा वादळ आलं, अख्खं बेट रिकामं करावं लागलं. आता नियम कितीही चांगले केले तरी समुद्र तापतच राहिला तर प्रवाळ पांढरे पडणारच ना, तो निर्णय काय कुरासाओचा मच्छीमार घेणारे? तो राजधानीत होतो, मग तिथे जाऊन बोलावंच लागतं.

दर्यावर्दी७: बोला की, अहवाल द्या, साक्ष द्या. प्रचाराच्या टीममध्ये जायची काय गरज. असो, आपलं जमणार नाही यावर 😄

शिरगावकर: भांडण चालू द्या, मी ॲडमिशनचं सांगतो. ताई, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, बीएफएससी (मत्स्यशास्त्राची पदवी) चार वर्षांचं. पुढे मास्टर्सला मुंबईत वर्सोव्याचं सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था), रिसर्चच करायचा तर गोव्यात दोनापावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था). आणि फटीचंच काम इथेही आहे. २०२३ ला राज्याने ५४ जातींच्या माशांचा कमीत कमी आकार ठरवून दिला, सिल्व्हर पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली पकडायचं नाही. कागदावर मस्त आहे, पण जाळं ओढल्यावर टेबलावर पट्टी ठेवून मासा मोजणार कोण आणि तोवर मेलेल्या पिल्लाचं करायचं काय? जाळ्याचा आसच (भोकाचा आकार) मोठा हवा, आणि तो किती म्हणजे धंदाही चालेल हे कोणीतरी बोटीवर जाऊन बघायला पाहिजे. भाचीला सांगा, जागा रिकामी आहे.

खाडीकाठची: थँक्यू सगळ्यांना, ताईला हा धागा पाठवते. @शिरगावकर बीएफएससीला नीट लागते का? आणि तिला पोहता येत नाही, चालेल?

शिरगावकर: नीट नाही, सीईटी. पोहणं शिकता येतं हो, बोट लागते का ते आधी बघा.