स्टिअरिंग अँगल सेन्सर गेलाय की क्लॉक स्प्रिंग? मदत हवी आहे

मंडळी, गाडी २०१७ ची पेट्रोल सेडान, रोज ठाणे ते अंधेरी. ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि घोडबंदरच्या वळणांवर उगाचच ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरली की ताकद कमी करणारी यंत्रणा) मध्ये पडतं. स्कॅनरवर सी००५१ कोड येतो, म्हणजे स्टिअरिंग अँगल सेन्सरचा (स्टिअरिंग किती फिरलंय ते मोजणारा), क्लिअर केला की थोडं चालवल्यावर परत हजर. लाइव्ह डेटात चाकं सरळ असताना अँगल शून्याच्या आसपास हवा, इथे १४ अंश दाखवतो, आणि स्टिअरिंग हळू उजवीकडे फिरवलं की आकडा मध्येच अडकतो नि एकदम उडी मारतो. डावीकडे ठीक.

अलाइनमेंट झालं, त्यानंतर झीरो कॅलिब्रेशनही (चाकं सरळ असताना सेन्सरला शून्य ठरवून देणं) केलं, बॅटरी १२.६ व्होल्ट, फ्यूज बघितले. हॉर्न वाजतो, एअरबॅगचा दिवा नाही, म्हणून क्लॉक स्प्रिंगवर (स्टिअरिंग फिरतानाही हॉर्न-एअरबॅगची वायर जोडलेली ठेवणारी गुंडाळी) माझा फारसा संशय नाही. गॅरेजवाला सरळ अख्खं युनिट बदला म्हणतो, मोजमाप काहीच न करता. एअरबॅग काढायची असल्याने घरी हात लावणार नाही.

कॅलिब्रेशननंतरही आकडा असा उडतोय म्हणजे सेन्सरच गेलाय, की कनेक्टर-वायरिंगमुळेही असं होतं, आणि ते वेगळं कसं ओळखायचं? आणि कुर्ल्याहून जुना सेन्सर आणला तर नुसतं कॅलिब्रेशन पुरेल की कोडिंगही (सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणं) लागेल?