सी विंगमधलं फिनेल (सोसायटी ग्रुप, कुडाळ)

सचिव: सी विंगमधला छोटा आता बरा आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालयात रात्रभर देखरेखीखाली ठेवलाय. जिन्यात पाण्याच्या बाटलीत पांढरं फिनेल होतं, ताक समजून त्याने घोट घेतला.

काकू (ए-102): बा देवा म्हाराजा! मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढूक होयो ना लगेच? आमच्या गावाक तसाच करतत.

नर्सताई (बी-304): काकू, नेमकं तेच करायचं नाही. ओकताना फिनेल छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. ॲसिड असेल तर अन्ननलिका जाताना भाजते, परत येताना पुन्हा भाजते. शिवाय मीठपाण्याने लहान पोराच्या रक्तातलं सोडियम वाढतं, ते वेगळंच.

दादा (ए-201): मग ॲसिडवर खायचा सोडा? शाळेत शिकलोय 😄

नर्सताई: परीक्षानळीत चालेल. पोटात गॅस आणि उष्णता होते. सोडा, लिंबू, कोकम काही नको. थुंकायला लावा, चूळ भरायला लावा, भिजलेले कपडे काढून अंग धुवा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही न घालता कुशीवर वळवा आणि 108 लावा. त्याच्या बाबांनी बाटली सोबत नेली, शाबास! पण लेबल मिनरल वॉटरचं. डॉक्टरांनी काय, वासावरून ओळखायचं?

वहिनी (सी-103): तोंड भाजलेलं दिसलं नाही तर घरीच थांबलं तर?

नर्सताई: नको वहिनी. तोंड स्वच्छ आणि आत भाजलेलं, असं होतं. लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा, श्वासाला घरघर, यातलं काही दिसलं तर एक मिनिट घालवू नका. एम्स दिल्लीचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास आहे, 1800 116 117. सेव्ह करा.

अण्णा (ए-004): तो सुटं फिनेल विकणारा गेटात येतोच कसा?

वहिनी: चतुर्थी आली अण्णा, चाकरमानी येणार. अर्ध्या बिल्डिंगने त्याच्याकडूनच घेतलंय, तुम्ही पण 😀

सचिव: जिन्यातलं सगळं सामान आजपासून मीटररूममध्ये, कुलपात. चावी वॉचमनकडे.

अण्णा: आमच्याकडे कोकमाचं आगळ, ॲसिड, ब्लीच, सगळं एकाच मापाच्या बाटल्यांत आहे हो. ॲसिड नि ब्लीच आत्ताच मोरीत ओतून टाकतो.

नर्सताई: अण्णा थांबा!! दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो. काही ओतू नका, झाकणं घट्ट लावून माळ्यावर ठेवा, मी येते खाली.

अण्णा: ये. आगळाची बाटली पण तूच ओळख.