अनुभव धागा: शिबीर संपलं, मग गावाला काय मिळालं?

माळा आवरताना एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा बिल्ला सापडला. मागची पिन गंजलीय, पण कोणार्कचं चाक अजून शाबूत आहे. चाकाला आठ आरे, म्हणजे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास सेवेला हजर, असं आम्हाला पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं. प्रत्यक्षात दोन वर्षांत मिळून २४० तास भरायचे आणि त्यातले बरेचसे वहीतल्या सह्यांनीच भरायचे, हे नंतर कळलं.

२४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आता भाची सांगते, नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत. आम्ही हौसेनं (आणि थोडं घरापासून लांब राहायला मिळतं म्हणून) करायचो, तेच हिला गुणपत्रिकेसाठी करायचंय. त्यावरून हा धागा काढतोय. एनएसएस, शेतकी कॉलेजचं रावे, समाजकार्याचं फील्डवर्क, काहीही चालेल. अट एकच: "खूप काही शिकायला मिळालं" हे वाक्य नको, ते सगळ्यांचं अहवालात लिहून झालंय. गावाला काय मिळालं ते लिहा. काहीच मिळालं नसेल तर तेही लिहा. कॉलेजांची नावं मात्र टाळा.

सुरुवात मी करतो.

डिसेंबर १९९४, पाटण तालुक्यातलं एक गाव. शाळेच्या दोन खोल्यांत आम्ही पन्नास जण. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक. बौद्धिकाला निम्मी मंडळी भिंतीला टेकून गाढ झोपलेली. काम होतं ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं सुतळीनं शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत गोण्या रचायच्या. जागा ठरली रस्त्यालगतची, कारण पाचव्या दिवशी पाहुणे येणार होते आणि त्यांची गाडी तिथवरच येत होती.

एक म्हातारबाबा शेळ्या सोडून दोन दिवस काठावर बसून होते. कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तेव्हा म्हणाले, "बांधताय झ्याक. पर पानी ऱ्हायचं न्हाई." का, म्हटलं. त्यांनी काठी ओढ्याच्या तळात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. "समदी वाळू हाय. खालनं जातंय की. वर चला, तितं कातळ हाय." शे-दीडशे पावलं वर खरंच कातळ उघडा पडला होता आणि पात्रही निम्मं अरुंद होतं.

सरांना सांगितलं. सर भला माणूस, पण पाहुण्यांचं काय करायचं? मग तडजोड झाली. खालचा बंधारा उद्घाटनापुरता ठेवला आणि नारळ तिथेच फुटला. गाडी वळल्यावर त्यातल्याच गोण्या खांद्यावर घेऊन दोन दिवसांत वर दुसरा घातला. फेब्रुवारीत आम्ही तिघं एसटीनं बघायला गेलो. खाली खडखडीत. वर गुडघाभर पाणी होतं, बायका गोधड्या धूत होत्या. अहवालात फोटो खालच्या बंधाऱ्याचा आहे.

माजी कृषिकन्या

लातूर जिल्हा, २०१७. रावे म्हणजे बीएस्सी अॅग्रीच्या सातव्या सत्रात गावात राहून करायचा कार्यानुभव. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. करायच्या प्रात्यक्षिकांची यादी मिळते: बीजप्रक्रिया, उगवणक्षमता, मातीचा नमुना, निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण. गोची अशी, की आमचं सत्र सुरू होईपर्यंत पेरण्या उरकलेल्या. शिवारात सोयाबीन वीतभर वाढलंय आणि आम्ही ओसरीत बसून बियाण्याला रायझोबियमचं जिवाणू खत चोळतोय! फाइलला फोटो लागतो ना.

ज्या मावशींच्या ओसरीत उगवणक्षमतेचं प्रात्यक्षिक केलं, त्या हसायला लागल्या. "पेरून पंधरा दिस झाले, आता कशाला मोजायलीस गं?" तरी शेजारी येऊन बसल्या. ओलं गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाण्याचा शिपका द्यायचा, पाच-सहा दिवसांनी मोड मोजायचे. मी फोटो काढला आणि विसरले.

पुढच्या मे महिन्यात मी पुण्यात अभ्यासिकेत होते, तेव्हा मावशींचा फोन आला. "पोरी, घरचं बी हाय. शंभरात ५८ उगवलेत. पेरू का नको?" मी जिन्यात जाऊन मोबाइलवर हिशेब केला. ७० उगवत असतील तर एकरी ३० किलो, मग ५८ ला ३६ किलो. सहा किलो जास्तीचं परवडेल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "घरचं हाय म्हणून परवडतंय."

माझ्या रावेत गावाला काही मिळालं असेल तर एवढंच. तेही हंगाम चुकवून.

विरार फास्ट

खरं सांगतो, १० गुणांसाठी गेलो होतो. विसर्जनानंतरची सकाळ, ओहोटी, किनाऱ्यावर पीओपीचे हात आणि मुकुट. आम्ही ऐंशी जण, सगळ्यांना टोप्या दिलेल्या. सफाई कामगार बाजूला विडी ओढत उभे होते. त्यांच्यातला एक मुकादम अतिशय नम्रपणे म्हणाला, "फोटो झाले की सांगा, मग ट्रॅक्टर आत घेतो."

दत्तकपुत्र

मी पलीकडच्या बाजूचा. आमचं नगर जिल्ह्यातलं गाव एकाच वेळी दोन कॉलेजांनी दत्तक घेतलं होतं. दोन्हींपैकी कुणाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. शिबीर आलं की आमची शाळा चिंचेखाली भरायची, त्यामुळे आम्ही पोरं खूश.

वैताग यायचा तो सर्वेक्षणाचा. घरात माणसं किती, शौचालय आहे का, वापरता का, पाणी कुठून आणता. आईला उत्तरं पाठ झाली होती. तिसऱ्या वेळी दोन मुली वही घेऊन दारात आल्या, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बायांनो, मागच्यांनी लिहून नेलंय. त्यांच्याकडनं उतरवून घ्या." त्या कागदांचं पुढे काय झालं, हे सांगायला कुणीही आलं नाही.

मग मीही कॉलेजात गेलो, मीही एनएसएसला गेलो, आणि माझ्याही हातात तीच वही आली. तेव्हा एक केलं. शेवटच्या रात्री सांस्कृतिक कार्यक्रमाच्या आधी माइक घेऊन आमचे आकडे पारावर वाचून दाखवले. निम्मे आकडे लोकांनी तिथल्या तिथे दुरुस्त केले. शौचालयं आम्ही लिहिली होती ६१. त्यातल्या कशाकशात सरपण ठेवलंय, ते बायकांनी घरांसकट सांगितलं.

सुटलेली कार्यक्रम अधिकारी

आता दुसरी बाजू ऐका. शंभर स्वयंसेवकांचं युनिट, शिबिराला पन्नास. निधी येतो शिबिरानंतर, तोवर किराणा माझ्या पगारातून. आठवडी बाजारातल्या मेथीच्या जुड्यांचं पक्कं बिल मागितल्यावर भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "पावती न्हाई, पायजे तर तराजू घिऊन जा." शिवाय मुलींच्या खोलीबाहेर रात्रभर खुर्ची टाकून बसलेली मॅडम कुणाच्याच फोटोत नसते. सहा वर्षं केलं, सोडलं. बाकी धागाकर्त्याच्या सरांबद्दल कुणी वाकडं बोलू नका. गाडी वळल्यावर त्यांनी दुसरा बंधारा घालू दिला. मी दिला असता की नाही, ठाऊक नाही.

अर्धी गोळी

एमबीबीएसला कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे. आमच्या बॅचला प्रत्येकी पाच कुटुंबं मिळाली. पहिल्या वर्षी आम्हाला येतं काय? बीपीचं मशीन लावायचं आणि आकडा लिहायचा. माझ्या एका आजींचं बीपी तीनही भेटींत चढंच होतं. गोळी घेता का? "घेते की." रोज? "रोज." चौथ्या भेटीला त्या सुपारी कातरत बसल्या होत्या. आपण होऊन डबी उघडली, गोळी काढली आणि त्याच अडकित्त्यानं तिचे दोन तुकडे केले. एक तोंडात, एक परत डबीत. आरोग्य केंद्र सात किलोमीटर, जीप दिवसातून दोनदा, म्हणून महिन्याची पट्टी त्या दोन महिने पुरवत होत्या.

औषध बदलणं माझ्या हातात नव्हतं. आमच्या पीएसएमच्या (समाजवैद्यक विषयाच्या) सरांना सांगितलं, त्यांनी आशाताईंना. आता पट्टी आशाताई घेऊन येतात. आशाताई मला म्हणाल्या, "मला वाटायचं आजी पूर्ण घेतात, म्हणून मी आणत नव्हते." त्यांच्या घरापासून आजींचं घर चार घरं सोडून आहे.

धागाकर्ता

@माजी कृषिकन्या, मावशींनी पेरलं का मग ३६ किलो?

माजी कृषिकन्या

पेरलं. पण पावसानं ओढ दिली, दुबार पेरावं लागलं. घरचं बी संपलेलं, म्हणून विकतची पिशवी आणली. पाऊस येईपर्यंत तीही गोणपाटात टाकून बघितली म्हणे. ८१.